मिस्त्रीकाकांची फुटकी गोळी

माझ्या दुकानात कोणी तक्रार घेऊन आलं की मी त्याला आधी बाकावर बसवते. बसलं की माणसाचा आवाज उतरतो. तरीही गावात माझं नाव 'हेडमास्तरीण' असंच पडलंय, आणि ते मला ठाऊक नाही असं समजून सगळे माझ्याशी गोड बोलतात.

औषधाचं दुकान म्हणजे फळीवरची डबी काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस माझ्या जागी उभं राहून बघावं. आजूबाजूच्या वस्त्यांवरून सगळी म्हातारी माणसं माझ्याकडे येतात. एका आजींनी सगळ्या गोळ्या सोलून एकाच बरणीत भरून ठेवल्या होत्या, कारण पाकिटं जागा खातात. एक आजोबा बरं वाटलं की गोळ्या बंद करतात आणि डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी राहिलेल्या सगळ्या एकदम घेतात, म्हणजे तपासणीत पास. आणखी एकांनी शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचंच औषध सुरू केलं. शेजाऱ्याला मूळव्याध, यांना दमा. मी ओरडते, मग पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढून देते, आणि पुढच्या वेळी रिकामं पाकीट परत आणल्याशिवाय नवीन देत नाही. पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली, असा माझा पक्का हिशेब होता.

मिस्त्रीकाका या हिशेबात पहिल्या नंबरचे. उभं आयुष्य त्यांनी गवंडीकाम केलं. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची, माझ्या दुकानाची मागची भिंतसुद्धा. एक डोळा चुना उडून गेला, दुसऱ्याला धूसर दिसतं. पण महिन्याच्या महिन्याला काठी टेकत यायचे, सदऱ्याच्या खिशातून रिकामी पाकिटं काढून काउंटरवर ठेवायचे, आणि मी बाकीच्यांना सुनवायची, शिका काहीतरी यांच्याकडून. पाकीट वेळेवर संपायचं, पण प्रेशर काही खाली येत नव्हतं. डॉक्टरांनी आधी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली, आणि शेवटी हळूहळू विरघळणारी मोठी गोळी सुरू केली. काही माणसांचं प्रेशर हट्टी असतं, असं म्हणून मीही सोडून दिलं होतं.

त्या शनिवारी भर दुपारी ते आले आणि एकदम दोन महिन्यांची औषधं द्या म्हणाले. एवढी कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाले, उद्या सकाळी आम्ही जातोय.

मग त्यांनी सगळं सांगितलं. काकूंचं काही खरं नव्हतं. वर्षभरात त्या खंगत गेल्या होत्या. उभ्याउभ्या चक्कर यायची, नळावरून कळशी आणताना मध्येच रस्त्यात बसायच्या. गेल्या महिन्यात तर कहर झाला. दोनदा पडल्या, त्यात एकदा कपाळ फुटलं. गॅसवर दूध ठेवून शेजारी बसून राहिल्या आणि दूध जळून भांडं काळं झालं तरी उठल्या नाहीत. मुलीचा फोन आला तेव्हा तिलाच विचारलं, तू कोण बोलतेस. मुलं घाबरली. डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांनी धरलं. मुलाचं घर दोन खोल्यांचं, मुलीचंही तसंच, आणि दोघा म्हाताऱ्यांना एकाने सांभाळणं कोणालाच झेपणारं नव्हतं. म्हणून काकूंनी मुलीकडे जायचं आणि काकांनी मुलाकडे, असं ठरलं होतं. त्या दोन शहरांच्या मध्ये रात्रभराचा प्रवास होता.

"पोरं चांगली आहेत," काका म्हणाले. "वाईट असती तर भांडलो तरी असतो."

 मी फळीवरून पाकिटं काढायला लागले. तेवढ्यात त्यांनी घसा खाकरला. जायच्या आधी एक तक्रार सांगायची होती म्हणे, इतके दिवस भिडेखातर बोलले नव्हते. मी म्हटलं, सांगा.

"तुमच्या गोळ्या फुटक्या येतात, ताई. कंपनी कोणती का असेना, माल चांगला नाही. एवढे पैसे घेतात आणि अर्धा तुकडा देतात."

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. माझा माल आणि फुटका? मी पाकिटातून एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांत धरून फिरवली आणि मान हलवली. ही नव्हे, म्हणाले. मला रोज मिळते ती एका बाजूने गोल आणि दुसरीकडून धार असलेली. आयुष्यभर विटा हाताळल्या, अख्खी वीट कोणती आणि तुकडा कोणता हे बोटांना कळत नाही का?

रोज गोळी कोण देतं, असं मी विचारलं. कोण देणार, ही देते, म्हणाले. डोळ्यांनी दिसत नाही तेव्हापासून काकूच त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायच्या आणि पाण्याचं भांडं हातात द्यायच्या. मग तिला कधी बोलला नाहीत का, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी आहे. ती काय कंपनी चालवते?

माणसं गोळ्या अर्ध्या करतात, हे मला नवीन नाही. महिन्याचं औषध दोन महिने पुरवायची ती जुनी युक्ती आहे. पण मग पाकीट दुप्पट दिवस चालायला हवं, आणि काकांचं पाकीट तर दर महिन्याला वेळेवर रिकामं होत होतं. अर्धी गोळी काकांच्या पोटात जात असेल तर उरलेली अर्धी कुठे जात होती? आणि गेल्या महिन्यात मोठी गोळी सुरू झाली, त्याच महिन्यात काकू दोनदा पडल्या.  काकूंच्या नावावर माझ्या दुकानात साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नव्हती, म्हणून त्यांची चौकशी मी कधी केलीच नव्हती.

बाकावर बसलेल्यांना मी उठवलं, शटर ओढलं, प्रेशरचं मशीन पिशवीत टाकलं आणि काकांना स्कूटरवर मागे बसवलं. कुठे, कशाला, असं ते विचारत होते. तुमच्या तक्रारीची चौकशी करायला, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं. चौकशी व्हायलाच हवी होती, असं त्यांचं मत पडलं.

घरात सामान काढलेलं होतं. मुलगा पुढच्या खोलीत पेटीला दोरी बांधत होता. चाळिशी उलटलेला, डोळे तांबारलेले, प्रवासात झोप झालेली नव्हती. मुलगी आईच्या साड्या घड्या करून बॅगेत भरत होती आणि मध्येच एखादी साडी उगाच परत उलगडून बघत होती. मी औषधांबद्दल बोलायला आलेय म्हटल्यावर दोघांना बरं वाटलं. मुलगा म्हणाला, बाबांच्या गोळ्या कशा द्यायच्या ते बायकोला समजावून सांगायचं आहे, एका कागदावर लिहून द्या. मी म्हटलं, आधी काकूंना भेटते.

काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर पट्टी, चेहरा पांढरा. मला बघून उठायला गेल्या. मी खांदा धरून खाली बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि प्रेशर बघितलं. आकडा इतका खाली होता की मी पट्टा सोडून पुन्हा बांधला. आकडा तोच आला.

"काकू," मी हळूच विचारलं, "काकांची उरलेली अर्धी गोळी कुठे जाते?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग पदर सारखा केला.

"कुठे जाणार? माझ्या पोटात."

एकदा तोंडातून निघाल्यावर मग त्या थांबल्या नाहीत. पहिल्यांदा गोळी सुरू झाली तेव्हा काका दिवसभर मलूल पडून असायचे. डोकं जड झालंय, गोळी फार कडक आहे, म्हणायचे. काकूंना ते बघवेना. एवढी कडक गोळी एकट्या माणसाने का सोसायची? दोघांनी उभं राहून घर बांधलं, माल कालवायला त्या आणि थर लावायला ते. मग गोळीचंच ओझं तेवढं एकाच्या माथी का? त्यांनी विळीवर गोळीचे दोन तुकडे केले. एक त्यांना, एक स्वतःला. आणि काकांचं मलूलपण खरंच कमी झालं. मग काय, औषध वाटून घेतलं की सोसतं, हे सिद्धच झालं. पुढे डॉक्टरांनी मोठी गोळी दिली तर काकूंचीही अर्धी मोठी झाली.

मी विचारलं, तुम्हाला चक्कर येते ती या गोळीने, हे कधी मनात आलं नाही का?

"आलं की. सुरुवातीपासून ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "मला अर्धीने एवढं होतंय, तर यांना अख्खीने काय झालं असतं?"

 दर वेळी पडल्या की त्यांना वाटायचं, आज यांचं एक पडणं वाचलं. पोरं आपल्याला वेडी ठरवताहेत हे त्यांना दिसत होतं आणि त्या गप्प होत्या, कारण बोललं असतं तर काकांना अख्खी गोळी खावी लागली असती. मुलीकडे जायचं ठरल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आपण कुठे जाणार, आपलं काय होणार, याची नव्हे, तर तिकडे काकांची अर्धी गोळी कोण घेणार याची काळजी. त्यांनी माझा हात धरला.

"सुनेला लिहून द्या ना, ताई, अर्धीच द्यायची म्हणून. तुमचं ऐकेल ती."

मला राग आला. कोणाचा, ते मी सांगू शकत नाही. बहुतेक माझाच, कारण वर्षभर रिकामी पाकिटं बघून मी खूश होत होते. पण राग आला की माझी जीभ समोर दिसेल त्याच्यावर सुटते. मी म्हटलं, औषध म्हणजे वाटून उचलायचं ओझं नव्हे. त्या अर्ध्या तुकड्याची त्यांना गरज होती. त्यांचं प्रेशर उतरत नव्हतं ते त्यामुळेच. ती नवी गोळी तर मोडायचीच नसते. अख्खी असली की दिवसभर थोडीथोडी विरघळते, तुकडा केला की सगळी एकदम अंगात उतरते.

"तुम्ही त्यांचं सोसत नव्हता, काकू. त्यांच्या ताटातलं काढून खात होता."

बोलल्यावर मला वाटलं, जीभ चावून टाकावी.  काकूंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत बसल्या, हात दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. मग एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, म्हणजे मीच यांना मारत होते का? मी नाही नाही म्हणाले, पण माझं नाही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

घर लहान होतं. मी वळले तर दारात तिघंही उभे होते, काका पुढे आणि मुलं मागे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी आधी माझं काम केलं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, काकूंची गोळी आत्ता या क्षणापासून बंद. आणि काकांनाही नवी गोळी अख्खी द्यायची नाही, कारण त्यांना खरं औषध कधी मिळालंच नाही आणि आता एकदम एवढं दिलं तर तेही आडवे होतील. पहिली लहान गोळी होती ती अख्खी द्यायची, आणि उद्या दोघांना दवाखान्यात आणायचं. काकूंना आज सोबतीशिवाय उठू देऊ नका, असंही बजावलं. मी मुलांना सगळं नीट समजावलं. आईचं डोकं शाबूत आहे असं मला वाटतं, म्हटलं. मेंदूला रक्त पोचेना म्हणून ती गोंधळत होती. उद्या डॉक्टर खात्री करतील, आणि चार-सहा दिवसांत तुम्हालाच फरक दिसेल.

मुलगी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. मुलगा मात्र रडला नाही. त्याने जे विचारलं ते चुकीचं नव्हतं. म्हणाला, ताई, तुम्ही म्हणता आई शहाणी आहे. शहाण्या माणसाने वर्षभर बाबांना अर्धं औषध दिलं आणि कोणाला सांगितलं नाही. मग या दोघांना इथे एकटं कसं सोडू? आज गोळी, उद्या आणखी काही. निदान वेगळे राहिले तर दोघं जगतील तरी.

 मी आले होते काकूंचं जाणं थांबवायला, आणि मीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा आणून ठेवला होता. मुलगा आईसमोर खाली बसला. त्याचा आवाज मऊ होता. पुन्हा असं करणार नाही, असं मला वचन दे, आई, म्हणाला. आम्ही सगळे सुटकेचा श्वास सोडायच्या तयारीत होतो. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"खोटं कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "यांना त्रास झाला की मला सुचत नाही. काहीतरी करेनच मी."

मुलाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. उद्या सकाळी गाडी येणार आणि दोघं दोन दिशांना जाणार.

तेव्हा काका बोलले. दाराच्या चौकटीला हात लावून ते उभे होते आणि कोणाकडेच बघत नव्हते, तसंही त्यांना फारसं दिसत नव्हतं.

"ताई, तुम्ही म्हणालात, ही माझ्या ताटातलं खात होती."

मी म्हटलं, चुकलं माझं, काका, तसं म्हणायला नको होतं.

"नाही, नाही. बरोबर बोललात. मी फक्त मोजत होतो. कामं बंद असायची तेव्हा या घरात चार ताटांचं जेवण कधी शिजलंच नाही. आणि ही दर वेळी म्हणायची, तुम्ही बसा, माझं झालंय. मी विचारलं नाही, कधी झालं, काय खाल्लंस. विचारलं असतं तर अर्धं द्यावं लागलं असतं. पोरांनो, तुम्हीही विचारलं नाहीत. तुम्ही लहान होता, तुमचं सोडा. मी काही लहान नव्हतो." त्यांनी थोडा दम घेतला. "एवढी वर्षं आम्ही तिघांनी हिच्या ताटातलं खाल्लं, तेव्हा कोणी हिला कुठे पाठवायचं काढलं नाही. हिने एकदा माझ्यातलं खाल्लं, तेही विष समजून. आता तुम्ही ठरवा काय ते."

 काकू म्हणाल्या, अहो, काय पोरांसमोर काढत बसलात जुनं. 

मुलगा उठला आणि बाहेर गेला. तो गाडीवाल्याशी फोनवर बोलत होता ते आत ऐकू येत होतं. उद्या गाडी नको, निदान या महिन्यात तरी नको, मग बघू. गाडीवाला काहीतरी कटकट करत असावा, कारण मुलगा मध्येच चिडून म्हणाला, अहो, माझी आई आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायचंय. मी मुलीला सांगितलं, रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की मी इथे येईन, दोघांचं प्रेशर बघेन आणि काकांची गोळी माझ्यासमोर घेतली जाईल. काकूंना समजावणं हे काही एका दिवसाचं काम नाही, पण मी काही हार मानणारी बाई नव्हे. मुलगी म्हणाली, तेवढे दिवस मीही इथे राहते. माझी रजा शिल्लक आहे.

मी निघाले तर मला जाऊ देईनात. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि घरात सकाळपासून कोणी जेवलं नव्हतं. मुलीने भात आणि भाजी गरम केली. मुलगा आत आला आणि पानं घ्यायला लागला. काकू बसल्या जागेवरून नेहमीप्रमाणे म्हणाल्या, तुम्ही सगळे बसा, माझं झालंय.

मुलगा थांबला. त्याने आणखी एक ताट घेतलं, वाढलं आणि आईच्या समोर ठेवलं. मग स्वतःचं ताट बाजूला सारून तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"जेव," तो म्हणाला. "तुझं झाल्यावर मी जेवणार."

काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भातावर हात ठेवला. पानातला अर्धा भात सवयीने एका कडेला ओढून ठेवला आणि उरलेला चिमटी चिमटीने खाऊ लागल्या. खाऊन झाल्यावर कडेचा भात कोणाला वाढायचा म्हणून त्यांनी मान वर केली. आम्ही सगळे बघत होतो, पण कोणी पान पुढे केलं नाही. त्या थोडा वेळ तशाच बसल्या, आणि मग तोही भात त्यांनीच खाल्ला.